बारा दिवे, त्यातले सहा रिकामे

नव्या उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी लागल्यावर शंकाच्या एक गोष्ट लक्षात आली. काम करणं सोपं होतं. आपण काय काम करतो हे घरी समजावून सांगणं अवघड होतं.

“म्हणजे तुम्ही कर्ज देता,” बाबा म्हणाले.

“कर्ज नाही हो बाबा. पैसे देतो आणि त्या कंपनीत हिस्सा घेतो.”

“आणि ती कंपनी बुडाली तर?”

“बहुतेक बुडतातच.”

“हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं?”

“हो. एखादी तरते आणि ती बाकीच्यांचं भरून काढते.”

बाबांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “अगं, हिच्या जुन्या प्रयोगशाळेचा फोन नंबर आहे का आपल्याकडे?”

शंका हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ताप उतरल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं होतं, “तुमचं औषध घेतलं नसतं तर मी बरी झाले नसते, हे कशावरून?” डॉक्टरांनी ते इतक्या लोकांना सांगितलं, की तेव्हापासून अख्खी इमारत तिला शंका म्हणू लागली. पुढे ती विज्ञान शिकली, त्यात वरची पदवी घेतली आणि तरी नाव बदललं नाही.

नव्या कंपनीत मात्र शंकांना फारशी मागणी नव्हती. तिथले मोठे सर गुंतवणुकीचा निर्णय आतून काय वाटतं त्यावर घेत. समोरचा तरुण आपल्या यंत्राबद्दल सांगत असताना ते डोळे मिटून बसत आणि शेवटी “आतून येतंय” किंवा “आतून येत नाही” एवढंच म्हणत. ऑफिसात पाठीमागे त्यांना अंतर्यामी म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शंकाला विचारलं होतं, “तुला आतून काय वाटतं?” आणि तिने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, “एकाच भेटीवरून काही वाटून घेणं बरोबर नाही, सर.” त्यानंतर बरेच दिवस त्यांनी तिला काहीच विचारलं नाही.

अडचण अशी, की तिचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि कायम होण्याची अट एकच होती. एक तरी उद्योग स्वतः तपासून पुढे आणायचा आणि ‘यात पैसे घाला, मी याच्या मागे उभी आहे’ अशा कागदावर सही करायची. तिच्याबरोबर लागलेल्यांनी दोन-दोन सह्या ठोकल्या होत्या. शंकाचं पेन अजून कोरडं होतं.

आणि अशात दिवेवाले आले.

ते नवरा-बायको होते. दुधी रंगाचा, उपड्या पेल्याएवढा एक दिवा त्यांनी टेबलावर ठेवला. हा दिवा घरातलं बोलणं ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. बोलण्याचा वेग किती, आवाजाची पट्टी कोणती, कोण कोणाचं वाक्य तोडतंय, हे बघून तो रंग बदलतो. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे सांभाळा. लाल म्हणजे आता एक शब्दही पुढे नको. दिव्याचं यंत्र नवऱ्याने बनवलं होतं, ऐकण्याचा प्रोग्रॅम बायकोने लिहिला होता. पहिला कच्चा दिवा स्वतःच्या घरात लावल्यापासून तीन वर्षं त्यात सुधारणा करत.

“लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर आम्ही इतके भांडलो,” दिवेवाली म्हणाली, “की शेवटी… तू सांग ना.”

“नाही, तू सांग. तुझं वाक्य होतं.”

“पण तू छान सांगतोस.”

“तुझ्याइतकं नाही.”

हे असं बराच वेळ चाललं. दिवा हिरवागार होता. शेवटी कळलं ते एवढंच, की हा दिवा घरात आल्यापासून दोघांचा आवाज एकदाही चढलेला नाही. आणि हेही कळलं, की पैसे वाचवायला त्यांनी भाड्याचं घर सोडलंय, वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर राहतात, आणि आणखी दोनेक महिन्यांत कुठून पैसे आले नाहीत तर वर्कशॉपही जाईल.

सरांनी डोळे उघडले. “आतून येतंय,” ते म्हणाले. मग त्यांची नजर शंकावर गेली. “हे तू बघ. चार घरांत लावून बघ, लोक खूश आहेत का विचार आणि सही कर.”

दुसरं कोणी असतं तर चार मावश्यांना फोन केले असते आणि आठवड्याभरात काम उरकलं असतं. शंका त्या संध्याकाळी वर्कशॉपवर गेली आणि तिने दिवेवाल्यांना बारा दिवे मागितले. सहा खरे, सहा रिकामे.

“रिकामे म्हणजे?” दिवेवाल्याने विचारलं.

“दिसायला असेच. पण कान नसलेले. रंग मनाला येईल तसा बदलायचा.”

“पण मग तो चुकीचा रंग दाखवेल.”

“हो, तेच तर हवंय. लोक नुसता दिवा आणला म्हणून कमी भांडतात, की दिवा खरंच ऐकतो म्हणून, ते कसं कळणार? आणि कोणता खरा, कोणता रिकामा, हे मलाही सांगू नका. नाहीतर मी नकळत पक्षपात करीन.”

दिवेवाला बायकोकडे बघून हळूच म्हणाला, “आपण कर्जच काढलं असतं तर बरं झालं असतं.” पण त्याने दिवे बनवले, बुडाचे स्क्रू घट्ट पिळले आणि बाराच्या बारा एका खोक्यात मिसळून तिच्या हाती दिले.

शंकाच्या इमारतीत बरोबर बारा घरं होती. तिला वाटलं, यापेक्षा सोयीचं काय असणार? एका संध्याकाळी दारोदार फिरून दिवे वाटून टाकू. पण पहिल्याच दारात माशी शिंकली, कारण ते दार सेक्रेटरींचं होतं.

“हा दिवा,” सेक्रेटरी तो उलटासुलटा करत म्हणाले, “यंत्र आहे की शोभेची वस्तू?”

“का बरं?”

“यंत्र असेल तर कमिटीची परवानगी आणि इलेक्ट्रिशियनचा दाखला. शोभेची वस्तू असेल तर दाखला नको, पण ती प्रत्येकाला आपापल्या आवडीच्या रंगात निवडता आली पाहिजे. मागे कुंड्यांच्या वेळी फार मनस्ताप झालाय.”

“याचा रंग आपोआप बदलतो.”

“मग यंत्र,” सेक्रेटरी समाधानाने म्हणाले आणि त्यांनी सभा बोलावली.

सभेत दिव्यापेक्षा भांडणावरच जास्त चर्चा झाली. कारण प्रत्येक घराने आठवड्यात किती भांडणं झाली ते शंकाला सांगायचं होतं, आणि भांडण म्हणजे नेमकं काय, यावर एकमत होईना. दुसऱ्या मजल्यावरचे वकीलकाका म्हणाले, की आमच्याकडे जे होतं ते मतभेद असतात, भांडणं नव्हेत. काकू म्हणाल्या, “परवा तुम्ही ताट सरकवून उठलात, तो मतभेद होता का?” काका म्हणाले, “ते उठणं होतं.” शंकाने घाईघाईने व्याख्या केली: आवाज चढला, किंवा समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत खोलीतून निघून गेलं, किंवा भांडं गरजेपेक्षा जोरात ठेवलं, की एक भांडण. ‘गरजेपेक्षा’ म्हणजे किती, यावर आणखी अर्धी सभा गेली.

“एक विचारू?” वकीलकाका म्हणाले. “सगळे दिवे सारखेच आहेत ना?”

शंकाला खोटं बोलता येत नसे. “दोन प्रकार आहेत. फरक आतल्या रचनेचा आहे.”

हे अक्षरशः खरं होतं. तरी ते बोलताना तिने काकांच्या नजरेला नजर दिली नाही. समोरच्या रांगेत तिची आई अभिमानाने बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, “आतली रचना. हिला सगळं कळतं त्यातलं.”

सेक्रेटरी एकटेच राहत. एकट्या माणसाला भांडणाचा दिवा कशाला, असं शंकाने नम्रपणे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, “अकरा घरांना मिळणार आणि सेक्रेटरीला नाही? नियमात बसत नाही.” एका घराचे आकडे वाया गेले म्हणून शंका हळहळली आणि बारावा दिवा त्यांना देऊन आली.

तिच्या स्वतःच्या घरात दिवा फ्रीजवर बसला.

“आपल्याला खरं तर याची गरज नाही,” आई म्हणाली. “आपल्याकडे भांडणं होतातच कुठे?”

“होतात की,” बाबा म्हणाले.

“कधी झालं?”

“कधी काय? होतात.”

“एक दाखवा. एक तारीख सांगा.”

“हे आत्ता जे चाललंय ते काय आहे मग?”

शंकाने पहिली नोंद केली.

पुढचे दिवस इमारतीत मोठे चमत्कारिक गेले. काही घरांत लोक दिव्याला लवकरच ओळखून गेले. वकीलकाकांच्या ध्यानात आलं, की आवाज खाली ठेवला, शब्द सावकाश काढले आणि समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं, तर काहीही बोललं तरी दिवा हिरवाच राहतो. शंका नोंदी घ्यायला गेली तेव्हा दोघं सोफ्यावर हसतमुखाने बसले होते.

“माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती, ठाऊक आहे का तुला?” काका काकूंना मधाळ आवाजात म्हणत होते.

“सांगा ना,” काकू तितक्याच गोड म्हणाल्या. “तुमचं पुरं झालं की मी माझी सांगते.”

“या आठवड्यात भांडणं किती?” शंकाने विचारलं.

“एकही नाही!” दोघं एका सुरात म्हणाले. तेवढ्यात काकूंनी आत जाऊन मिक्सर लावला आणि दिवा लालबुंद झाला. “मिक्सर तेवढा माझ्या बाजूने बोलतो बघ,” त्या आतून ओरडल्या.

काही घरांत उलटंच झालं. तिथला दिवा कोणालाच कळेना. चौथ्या मजल्यावर तो ऐन भांडणात हिरवा राही आणि सगळे झोपायला निघाले की लाल होई. लोक वाटेत शंकाला गाठू लागले. “आमचा सकाळपासून पिवळ्यावर अडकलाय गं, आमचं काही चुकलं का?” “आमचा पाहुण्यांसमोर लाल झाला, आता त्यांना काय सांगू?” भाजीवाल्याने तर तिच्या तोंडावर आईला विचारलं, “ही तुमचीच का भांडणवाली?” इतकी वर्षं शिकून शेवटी हे बिरुद पदरात पडेल, असं तिला वाटलं नव्हतं.

आणि घरात फ्रीजवर जे चाललं होतं, ते बघणं सगळ्यात अवघड होतं.

एकदा जेवताना कोणीच बोलत नव्हतं. नुसता चमच्यांचा आवाज. आणि दिवा लाल झाला.

“मी काही बोललोसुद्धा नाही,” बाबा दचकून म्हणाले.

“बोलला नाहीत. पण मनात काय होतं?”

“मनात? मनात काही नव्हतं.”

“मग तो लाल का झाला?”

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, “रिटायर झाल्यापासून मी घरात अडचण झालोय, असं तुला वाटतं का, एवढंच मनात आलं होतं.”

आईने चमचा खाली ठेवला. गरजेपेक्षा हळू. “वाटतं,” ती म्हणाली. “दुपारी वाटतं. तुम्ही माझे डबे वर्णानुक्रमे लावले त्या दिवशी फार वाटलं. पण तुम्ही परवा कामासाठी बाहेर गेलात तेव्हा घर खायला उठलं, तेही खरं.”

त्या जेवणात ते दोघं जितकं बोलले, तितकं शंकाने त्यांना वर्षभरात बोलताना ऐकलं नव्हतं. “दिव्याला कळतं हं,” आई म्हणाली. “मशीन असलं तरी कळतं.” शंकाला जवळजवळ खात्री होती, की त्या दिव्याला दगडाइतकंही कळत नाही. पण ती ठरल्याप्रमाणे गप्प बसली आणि मान खाली घालून जेवत राहिली.

सेक्रेटरींनी तिला जिन्यात थांबवलं. “माझा एकट्याचा दिवा लाल होतो. घरात दुसरं कोणी नाही. मग मी विचार केला, मी रागावलोय तरी कोणावर? आणि आठवलं.” त्यांनी घसा खाकरला. “धाकट्या भावाला फोन केला. फार वर्षांनी. त्याने पहिल्यांदा ठेवून दिला. मग त्यानेच केला. हे तुझ्या कागदावर बसतं का कुठे?”

“नाही बसत, काका,” शंका म्हणाली.

“असू दे. सांगून ठेवलं.”

दीड महिना झाला आणि दिवे परत मागायची वेळ आली. अर्ध्या इमारतीने नाही म्हटलं. आईने तर दिवा टॉवेलात गुंडाळून दिला. “दोनच दिवस म्हणालीस हं. नीट ने. आपटू नकोस.”

ऑफिसच्या काचेच्या खोलीत टेबलावर बारा दिवे मांडले होते. सर, दिवेवाला, दिवेवाली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतलेली शंका. एकेक बूड उघडत गेलं. वकीलकाकांचा खरा होता. सेक्रेटरींचा रिकामा. शेवटी तिने टॉवेल सोडला. आत रंग बदलणारा एक तुकडा आणि बाकी हवा.

तिने आकडे जुळवले, दोनदा तपासले, आणि वाचून दाखवले. भांडणं सगळीकडेच कमी झाली होती. खऱ्या दिव्यांच्या घरांत जितकी, जवळजवळ तितकीच रिकाम्या दिव्यांच्या घरांत. रिकाम्यांकडची घट उलट किंचित जास्तच.

“आणि हे नुसते आकडे झाले,” ती म्हणाली. “खऱ्या घरांत भांडणं संपली नाहीत. लोक गोड आवाजात भांडायला शिकले. दिव्याला जे ऐकू येत नाही, तिथे भांडण जाऊन बसलं. रिकाम्या घरांत मात्र तो कधी लाल होईल याचा नेम नसायचा, म्हणून लोक स्वतःलाच विचारत बसले.”

दिवेवाली आपल्या उघड्या दिव्यांकडे बघत होती. तीन वर्षांचं काम आणि त्याच्या शेजारी तेवढीच उपयोगी हवा.

सरांनी डोळे मिटले. मग त्यांचा चेहरा खुलला.

“अरे, मग हे तर फारच छान झालं!” ते म्हणाले. “कान काढून टाका. प्रोग्रॅम नको, त्याची देखभाल नको. दिवा इतका स्वस्त पडेल, की विचारू नका. खोक्यावर ‘ऐकणारा दिवा’ तसंच राहू दे. मी पैसे घालतो. शंका, कर सही.”

“पण सर, तो ऐकत नाही.”

“गिऱ्हाईकाला फायदा होतो ना?”

“होतो.”

“मग?”

कागद समोर होता. सही केली तर नोकरी कायम, दिवेवाल्यांचं वर्कशॉप वाचणार, गिऱ्हाईक सुखी. कोणाचंच नुकसान नाही. तिने दिवेवाल्यांकडे पाहिलं.

“सरांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे,” दिवेवाला मऊ आवाजात म्हणाला.

“तुला तसं वाटणं स्वाभाविक आहे,” दिवेवाली हसून म्हणाली. “तुझं यंत्र राहतंय. माझं काम जातंय.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे रे. आणि ते गेलं तरी खोक्यावर आहे म्हणून छापायचं, ही गंमत वेगळीच.”

“महिनाअखेर जवळ आलीय, राणी.”

“मला कॅलेंडर वाचता येतं, राजा.”

ही पट्टी शंकाने कुठेतरी ऐकली होती. मग आठवलं. वकीलकाकांच्या सोफ्यावर. तिने बारा घरांत दीड महिना दिवे ठेवले होते. समोरच्या दोघांनी तो तीन वर्षं उशाशी ठेवला होता. प्रयोगातलं सगळ्यात जुनं घर तिच्यासमोर बसलं होतं आणि तिने त्याची नोंदच घेतली नव्हती.

“तुम्ही भांडताय,” ती म्हणाली.

“छे!” दोघं एकदम म्हणाले.

“भांडताय. आणि बहुतेक तीन वर्षं भांडताय.” तिने हाताने टेबल दाखवलं. “इथे एकही दिवा चालू नाही. सगळ्यांची बूडं उघडी आहेत. मोठ्याने बोला.”

मग दिवेवालीने तोंड उघडलं.

त्यानंतर जे झालं ते काचेबाहेरच्या सगळ्या ऑफिसने पाहिलं आणि खालच्या मजल्याने ऐकलं. घर सोडायचा निर्णय कोणी घेतला इथपासून ते पोटमाळ्यावर डोकं रोज कोणाचं आपटतं इथपर्यंत सगळं निघालं. सर खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला टेकले. “यांना थांबव,” ते शंकाला म्हणाले. “सर, वाक्य पुरं होऊ द्या,” शंका म्हणाली.

“मला पैशांची भीती वाटते!” दिवेवाला शेवटी ओरडला. “दर रात्री वाटते! आणि तुला सांगता येत नाही, कारण सांगायला गेलो की आवाज चढतो आणि तो मेला दिवा लाल होतो!”

दिवेवाली मटकन खुर्चीत बसली. “मलाही वाटते रे,” ती म्हणाली. आवाज पार बसला होता. मग म्हणाली, “पण खोटं छापायचं नाही.”

“नाही छापायचं.” त्याने खिशातून रुमाल काढून तिला दिला. “रिकामा आहे तर रिकामा म्हणूनच विकू.”

“रिकामा आहे हे सांगून?” सर भिंतीपासूनच म्हणाले. ते वाईट नव्हते; त्यांना खरंच कळत नव्हतं. “मग उद्या कोणीही बनवेल. त्यात तुमचं असं काय राहिलं? गुपित असेल तर मी पैसे घालीन. गुपित नसेल तर दुकान टाका.”

“सर, मी याच्या मागे उभी राहू शकत नाही,” शंका म्हणाली आणि कोरा कागद तिने त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुझं प्रोबेशन तीन महिने वाढवतो,” ते म्हणाले. “याहून जास्त मला करता येणार नाही. आणि ऐक, इमारतीत काही सांगू नकोस. लोकांना असं सांगितलेलं आवडत नाही.”

पण सांगणं भागच होतं. एक तर ते तिचं देणं होतं. दुसरं म्हणजे, दिवा रिकामा आहे हे कळल्यावर त्याचा काही उपयोग उरतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं आणि दिवेवाल्यांचं सगळं आता त्यावरच होतं.

सेक्रेटरींनी सभा बोलावली. दिवेवाले खोकं घेऊन मागे उभे राहिले. शंकाने एका दमात सगळं सांगून टाकलं. कोणाचा खरा, कोणाचा रिकामा, तेही.

मग जे काही उसळलं, त्यात तिच्या व्याख्येप्रमाणे किती भांडणं होती हे तिला मोजता आलं नाही. “आम्हाला उंदीर समजलीस काय?” चौथ्या मजल्याने विचारलं. “तीन रात्री मी जागून माझ्या चुका शोधत होतो, आणि आत हवा?” मग वकीलकाका उठले. त्यांचा दिवा खरा होता, त्यामुळे ते तिची बाजू घेतील असं तिला वाटलं.

“माझी तक्रार सर्वांत गंभीर आहे,” ते म्हणाले. “यांना निदान हवा मिळाली. मला मात्र ऐकणारं यंत्र देऊन दीड महिना हळू आवाजात बोलायला लावलं. माझं काहीही बोलून झालेलं नाही. सगळं आत साचलंय. मला रिकामा हवा.”

“मलाही,” काकू म्हणाल्या. “यांना एक, मला एक.”

“पण आता तुम्हाला माहीत आहे ना, की त्यात काहीच नाही?” शंकाने न राहवून विचारलं.

“आहे की माहीत,” सेक्रेटरी म्हणाले. “माझा रिकामा तर रिकामा, मला तोच हवा. ठरावाची गरज वाटत नाही.” आणि ते उठून स्वतःच खोक्यापाशी गेले. त्यांच्या मागे रांग लागली. रांगेतले सगळे शंकाकडे रागाने बघत होते आणि दिवेवालीला विचारत होते, कधी मिळेल, बहिणीकडे पाठवता येईल का. दिवेवाला नावं लिहून घेत होता. घाईत अक्षर वाकडं येत होतं आणि बायको त्याला मोठ्याने सांगत होती, की अक्षर नीट काढ.

फक्त शंकाची आई रांगेत नव्हती. ती केव्हाच घरी निघून गेली होती. सभा संपायच्या आत. समोरच्याचं वाक्य अर्धवटच सोडून.

शंका घरी आली तेव्हा पानं मांडलेली होती. आईने तिला वाढलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. बाबांनी मधल्या वेळात खोक्यातून आपला दिवा मागून आणला होता, स्क्रू पिळले होते आणि तो फ्रीजवर जिथल्या तिथे ठेवला होता.

“ठेवलाय कशाला तो?” आई म्हणाली. “बघितलंत ना आत काय आहे ते?”

“जागा रिकामी दिसत होती,” बाबा म्हणाले.

पुढे कोणी बोललं नाही. चमच्यांचा आवाज. दिवा हिरवा होता. मग पिवळा झाला. मग लाल.

तिघांनीही वर पाहिलं. आत काहीही नव्हतं, हे तिघांना माहीत होतं. एकीने तर ते स्वतःच्या हाताने उघडून पाहिलं होतं.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “कोण सुरुवात करतंय?”

“मी,” आई म्हणाली. “पहिली गोष्ट. परवा हिने फ्रीजचं दार उघडं टाकलं.”

“मुद्द्यावर ये.”

“येतेय. घसा मोकळा करत होते.” ती शंकाकडे वळली. “मला सांगितलं असतंस ना, तर रिकामा दिवासुद्धा मी दीड महिना ठेवून घेतला असता. काही न विचारता. तुझ्यासाठी.”

“पण आई, सांगितलं असतं तर प्रयोगच…” शंका थांबली. तिने वाक्य तिथेच सोडलं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “आणि नोकरीही कायम झाली नाही.”

“ते वेगळं,” आई म्हणाली. तिने पळी उचलली आणि न विचारता शंकाच्या ताटात आणखी वाढलं. “त्याचं दुःख वेगळं करू. आधी हे.”

शंकाने खुर्ची पुढे ओढली. बाबांनी फ्रीजकडे पाहिलं.

“अजून लालच आहे,” ते म्हणाले. “चालू द्या.”